पाच वाजेपर्यंतचं घर

आमच्या इमारतीत कुणाला फसवा मेसेज आला की त्याला माझ्याकडे पाठवतात. हे पद मला कुणी दिलेलं नाही, मीच ते पटकावलं आहे. मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाले, लग्नाआधी दोन वर्षं दादरच्या एका वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली आणि त्यानंतर पंचवीस वर्षं लालबागच्या सहाव्या मजल्यावर स्वयंपाक केला. एवढ्या भांडवलावर माणूस सायबर-तज्ज्ञ होऊ शकतो, असा माझा प्रामाणिक समज होता.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर मी कहर केला. वाण म्हणून बायकांना एक कार्ड वाटलं. 'फसवा मेसेज ओळखण्याच्या आठ खुणा.' आरोहीकडून, म्हणजे माझ्या लेकीकडून, कॉम्प्युटरवर टाइप करून घेतलं आणि परळ नाक्यावर जाऊन पस्तीस कार्डं लॅमिनेट करून आणली. अनोळखी दहा आकडी नंबर, घाई, धमकी, आमिष, लिंक, 'हे ॲप घ्या', 'ओटीपी सांगा' अशा सात खुणा झाल्या. आठवी सुचेना, आणि सात हा आकडा मला अपुरा वाटत होता, म्हणून 'सावध राहा' असं लिहिलं. ही खूण नव्हे, हे आरोहीने सांगितलं, पण तोवर लॅमिनेशन झालं होतं.

"गेल्या वर्षी चाळणी दिली होतीस," कार्ड उलटसुलट करून समोरची रुपाली म्हणाली. "चांगली होती ती चाळणी."

तिच्या शेजारी नलूमावशी बसल्या होत्या. त्यांनी कार्ड चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, पदराला पुसलं आणि पिशवीत ठेवलं. "छान केलंस गो," म्हणाल्या. त्या दिवशी माझं कौतुक करणाऱ्या त्या एकट्याच.

नलूमावशी म्हणजे नलिनी दौलत परब. वय एकाहत्तर, उंची बेताची, आवाज मात्र खानावळ चालवलेल्या बाईचा. आमच्या समोरच्या दारात पुतण्या राजेश आणि त्याची बायको रुपाली यांच्याकडे राहतात. दोघंही भली आहेत, मावशींना कधी काही कमी पडू देत नाहीत. तरी घर त्यांचं आहे. मावशींचा म्हणाल तर हॉलमधला सोफा, कपाटातला खालून दुसरा कप्पा, आणि गॅसची सकाळची साडेपाच ते साडेसहा ही वेळ. त्या वेळेत त्या स्वतःचा चहा आणि सगळ्यांच्या भाकऱ्या करून मोकळ्या होतात. मग ओटा पुसून रुपालीच्या स्वाधीन. "दुसऱ्याच्या ओट्यावर फार वेळ उभं राहू नये," असं त्या मला एकदाच म्हणाल्या होत्या, तेही हसत.

त्यांचे यजमान, दौलतमामा, गिरणीत सूतखात्यात होते. दोघं पलीकडच्या गल्लीतल्या चाळीत एका खोलीत राहत. खोली पोटभाड्याची. त्याच खोलीत मावशींची खानावळ. सिंधुदुर्गातून आलेले, बायकामुलं गावाला ठेवलेले सव्वीस गडी तीन पाळ्यांत जेवायला येत. गिरणी बंद पडली, गडी पांगले, पुढे चाळ पाडली. खोलीचा हक्क मूळ भाडेकरूला गेला आणि ही दोघं मामांच्या धाकट्या भावाकडे राहायला आली, तात्पुरती. त्याला वीस वर्षं होत आली. भाऊ गेला, आठ वर्षांपूर्वी मामाही गेले. मावशी अजून तात्पुरत्याच आहेत.

खानावळीच्या गोष्टी त्या भाजी निवडताना सांगतात. नवा माणूस एकटा आला तर त्याला ताट वाढायचं नाही. जुन्यापैकी कुणीतरी बरोबर येऊन सांगायचं, हा अमक्या वाडीतला, अमक्याचा मुलगा. आणि एकटाच आला, वर घाई करू लागला, की मावशी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आणि आत जाऊन काहीच करायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या.

"म्हणजे?" मी विचारलं होतं.

"म्हणजे बसायचं. खरोखर भुकेला आणि आपल्यातला असेल तर तो थांबतो, दोन नावं सांगतो. बाकीचे पाणी पिऊन जातात."

मोबाईल हातात आल्यावर त्यांनी हाच कायदा मेसेजला लावला. खातं आज बंद होणार असा मेसेज आला की वाचायचा, फोन फ्रिजवर पालथा घालायचा आणि कोथिंबीर निवडायला घ्यायची. तासाभराने बघायचं. एकदा 'आज रात्री साडेनऊला आपला वीजपुरवठा खंडित होईल, त्वरित या नंबरवर संपर्क साधा' असा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी मी तज्ज्ञाच्या उत्साहाने विचारायला गेले, "मावशी, त्या नंबरवर फोन नाही ना केलात?"

"कशाला? मेणबत्ती काढून ठेवली," त्या म्हणाल्या. "त्यांना घालवायची तर घालवू देत. गेली नाही. मेणबत्ती परत ठेवली."

खरं सांगते, मला थोडी असूया वाटायची. मी आठ खुणा पाठ करून जिथे पोचत होते, तिथे ही बाई कोथिंबीर निवडत पोचत होती.

फेब्रुवारीतला मंगळवार. मी वालाची डाळिंबी सोलत बसले होते. राजेश-रुपाली कामावर, आरोही कॉलेजात. साडेबाराच्या सुमाराला मावशी फोन घेऊन आल्या. चेहरा नेहमीसारखा, पण फोन दोन्ही हातांत धरलेला, प्रसादाचा द्रोण धरावा तसा.

"मृणाल, बघ गो जरा हे."

मी हात पुसून वाचलं. 'आपणांस कळविण्यात येते की, कै. दौलत सखाराम परब, गिरणी कामगार, यांचे वारस या नात्याने आपला अर्ज घरांच्या सोडतीत पात्र ठरला आहे. कागदपत्रांच्या पडताळणीकरिता सोबतच्या लिंकवरून ॲप घ्यावे. आज सायं. ५ पर्यंत पडताळणी न झाल्यास घराचे वाटप रद्द समजण्यात येईल.'

"कधी आला हा?"

"सकाळी नऊला."

"नऊला? आणि आता साडेबारा वाजलेत."

"ठेवला होता तसाच. भाजी आणली. आंघोळ केली. मग वाटलं, तुला दाखवावा."

"मावशी, घर लागलंय तुम्हाला, आणि तुम्ही आंघोळ करताय?"

हे मी बोलले. आठ खुणांच्या कार्डाची लेखिका. सकाळपासून मेसेजला ताटकळत ठेवणाऱ्या बाईला मी उशीर केल्याबद्दल चक्क रागावले.

मी का फसले, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला आहे. एक कारण भाषा. आमच्या शिवाजी पार्काच्या माहेरी वडील सरकारी खात्यात. 'कळविण्यात येते की', 'या नात्याने', 'रद्द समजण्यात येईल' हे ऐकत मी मोठी झाले. फसवणारा माणूस मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहितो, अशी माझी ठाम समजूत. इतकं कोरडं, इतकं कंटाळवाणं मराठी कुणी भामटा लिहील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसरं कारण दौलतमामा. बंद गिरण्यांच्या कामगारांना सरकार सोडत काढून घरं देतं, त्या घराचा फॉर्म मामांनी चाळीत असतानाच भरला होता. तेव्हापासून ते मावशींना घेऊन रविवारी संध्याकाळी फिरायला निघत. जुन्या गिरण्यांच्या जागी जे टॉवर उठत होते त्यांच्यासमोर उभे राहत आणि बोट दाखवून मजले मोजत. "आपल्याला पाचवा बरा. लिफ्ट बंद पडली तरी चढता येईल." मावशी म्हणत, "मला तिसराच हवा." यावरून त्यांचं भांडणही होई. न मिळालेल्या घराच्या मजल्यावरून दोन दोन दिवस अबोला. मी हे पाहिलेलं. त्यामुळे तो मेसेज खरा आहे की खोटा, हे मी पाहिलंच नाही. मला तो खरा हवा होता.

लिंक दाबली. फोन म्हणाला, हे ॲप हानिकारक असू शकतं. मी म्हटलं, सरकारी आहे, जरा ओबडधोबड असणारच. 'तरीही घ्या' असं होतं, ते दाबलं. ॲपने विचारलं, तुमचे मेसेज वाचू का? वाच. तुमच्या फोनमधली नावं-नंबर पाहू का? पाहा. इतकी अदब मी पाहुण्यांनाही दाखवत नाही. मग एक फॉर्म उघडला. नाव, आधार, बँकेचं नाव, खाते क्रमांक, कार्डावरचा नंबर.

"मावशी, पासबुक आणा. कार्ड पण आणा. ताब्याच्या कागदांना लागतंय."

त्या गेल्या, दोन्ही घेऊन आल्या. पण माझ्या हातात दिलं नाही. काखेत धरून उभ्या राहिल्या.

"मृणाल, यांना माझा नंबर कोणी दिला?"

"फॉर्मवर असेल ना, मावशी."

"फॉर्म भरलो तेव्हा माझ्याकडे मोबाईल खंय होतो?" काळजीत पडल्या की त्या मालवणीवर येतात. "ह्यो राजेशाचो जुनो फोन. नंबर माका चार वर्षांमागे गावलो."

"मग फॉर्मवर कुठला नंबर दिला होता?"

"पेडणेकरांचो. पी. पी."

ज्यांनी पी. पी. नंबर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चाळीत एकाच बिऱ्हाडात फोन असायचा. बाकी सगळे आपल्या कागदांवर, लग्नपत्रिकांवर त्यांचाच नंबर लिहीत आणि पुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरं टाकत. फोन आला की पेडणेकर गॅलरीत येऊन हाक मारत. फॉर्म भरला तोवर मोबाईल घरोघर झाले होते, राजेशकडेही होता. पण दौलतमामांनी महत्त्वाच्या कागदावर पेडणेकरांचाच नंबर घातला. त्यांचं म्हणणं, मोबाईल हरवतो, पेडणेकर हरवत नाहीत.

म्हणजे घरांच्या त्या ऑफिसात मावशींचा हा नंबर कुणापाशी असणंच शक्य नव्हतं. भामट्याने मामांचं नाव आणि हा नंबर कुठून जुळवला, ते आजही कळलेलं नाही. मी पुन्हा मेसेजकडे पाहिलं. पाठवणारा साधा दहा आकडी नंबर. लिंकमध्ये घर हा शब्द आणि पुढे नुसता अक्षरांचा चिवडा, सरकारी पत्त्याचा मागमूस नाही. घाई होती. धमकी होती. आमिष होतं. ॲप होतं. ओटीपी सोडला तर मी छापलेल्या खुणांपैकी एकही त्याने सोडली नव्हती, आणि मी डाळिंबीच्या ओल्या हातांनी त्या एकेक पार करत आले होते.

तेवढ्यात फोन वाजला. बँकेचा मेसेज. ओटीपी. आम्ही काहीच मागितलं नव्हतं. खाते क्रमांक अजून दिलाही नव्हता, पण ॲप मेसेज वाचत होतं. कुणीतरी दुसऱ्याच गावी बसून नुसत्या मोबाईल नंबरावर मावशींच्या खात्याचं दार ढकलत होतं, आणि आतली कडी मी काढून ठेवली होती.

मावशींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, बाजूचं बटण दाबून धरलं आणि तो बंद केला.

"आता सांग. तुझ्या कार्डावर काय लिहिलंय, चूक झाल्यावर काय करायचं?"

"ते नाही लिहिलेलं."

"का गो?"

"मला वाटलं, कार्ड वाचल्यावर चूक होणारच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खानावळीत एकट्या आलेल्या माणसाकडे त्या तशाच पाहत असाव्यात.

मी माझा फोन उचलला आणि नवऱ्याचा, सुशांतचा नंबर लावायला घेतला. "आधी बँक," मावशी म्हणाल्या. "नवऱ्याकडे मागाहून रड." मग मी गूगलवर बँकेचा नंबर शोधायला लागले. त्यांनी पासबुक उघडून माझ्यापुढे धरलं. "हय छापलो असा. ह्योच लाव. खंयचो तरी नको." बरोबर होतं. शोधून सापडणाऱ्या नंबरांतही भामट्यांचे नंबर मिसळलेले असतात. हे मी स्वतः हळदीकुंकवात, तिळगूळ वाटता वाटता सांगितलं होतं.

माझ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार बंद करवले. मग १९३०, सायबर तक्रारीचा नंबर. तिथली बाई शांतपणे विचारत होती, ॲप कधी घेतलं, परवानगी कुठली कुठली दिली. मी म्हटलं, सगळ्या. तिने तक्रारीचा क्रमांक दिला आणि मेसेज पुसू नका म्हणाली. मावशींचा फोन इंटरनेट तोडून एकदा उघडला, माझ्या फोनने त्या मेसेजचा आणि नंबरचा फोटो काढला आणि पुन्हा बंद केला. सुशांतला फोन करायला अखेर वेळ मिळाला तेव्हा रडायचं राहूनच गेलं, कारण आम्ही रिक्षा न मिळणाऱ्या लालबागमधून टॅक्सी शोधत बँकेकडे निघालो होतो, आणि टॅक्सीवाला एवढ्या जवळ यायला तयार नव्हता. शेवटी चालतच गेलो. मावशी पुढे, मी मागे.

बँकेत काउंटरला नूपुर नावाची मुलगी होती, आरोहीहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिने खातं पाहिलं. दोनदा आत शिरायचा प्रयत्न झाला होता. काही गेलं नव्हतं. पैसे काढायला दोन ओटीपी लागतात, आणि फोन बंद केल्यामुळे दुसरा भामट्यांपर्यंत पोचला नव्हता.

"ॲप कोणी घेतलं होतं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. मावशी त्याआधी म्हणाल्या, "मीच. म्हातारं माणूस. कळत नाही."

नूपुरने पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि मावशींना अगदी प्रेमाने समजावून सांगितलं. घाई करणाऱ्या मेसेजवर विश्वास ठेवायचा नाही. ॲप फक्त फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्यायचं. मावशी मान डोलवत होत्या. मी त्यांची पिशवी धरून बाजूला उभी होते.

"आणि आजी," ती शेवटी म्हणाली, "असं काही आलं ना, की घरातल्या शिकलेल्या माणसाला विचारत जा. या काकूंसारख्या."

"विचारीन," मावशी म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, तुम्ही असं का सांगितलंत?"

"तुझं नाव सांगून काय झालं असतं? ती तुला बोलली असती, तू घरी येऊन जेवली नसतीस."

त्या संध्याकाळी आरोहीने मावशींचा फोन पूर्ण पुसून नव्यासारखा केला. ॲप घालवायला तसं करणं भाग होतं, मेसेजचा फोटो माझ्याकडे होताच. पण मालवणच्या धाकट्या बहिणीचे चार वर्षांचे व्हॉइस मेसेज त्यात होते, कुठे उतरवून ठेवलेले नव्हते, ते गेले. बहीण गेल्या पावसाळ्यात वारली. मावशी म्हणाल्या, "असू दे, ती सगळ्या मेसेजात पावसाचंच सांगायची." आरोहीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या. रागावण्यासारखंच होतं. डाळिंबीची उसळ घेऊन मीच गेले, तर त्या सोफ्यावर कागद पसरून बसल्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतली त्यांची सगळी कागदपत्रं. मामांचं गिरणीचं ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आणि फॉर्मची झेरॉक्स, घडीवर पांढरी पडलेली.

"मृणाल, बस. एक सांग. त्यांच्याकडे माझो नंबर नाय, म्हणून मेसेज खोटो. बरोबर?"

"बरोबर."

"मग खरो कसो येतलो?"

मी उसळीचं भांडं खाली ठेवलं. आदल्या दिवशी दिवसभर धावपळ केली, दोन ठिकाणी तक्रारी केल्या, आणि हा एवढा साधा प्रश्न माझ्या बी. ए. डोक्यात आला नव्हता.

फॉर्मवर पत्ता होता पाडलेल्या चाळीचा. नंबर पेडणेकरांचा. मी माझ्या फोनवरून तो लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईने मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगितलं. पेडणेकर चाळ पडल्यावर लेकाकडे बोरिवलीला गेले होते आणि तीन वर्षांपूर्वी देवाघरी.

"म्हणजे घर लागलंही असेल," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "बोलावलं असेल. पत्र आलं असेल. आम्ही गेलो नाही म्हणून रद्द केलं असेल. यांना जाऊन आठ वर्षं झाली. मी रोज पेपर बघते, पण पेपरात सगळी नावं थोडीच छापतात."

मी तज्ज्ञासारखी म्हणाले, "थांबा, त्या ऑफिसची वेबसाइट बघते, हेल्पलाइन असेल."

"नको. जाऊन येऊ."

गुरुवारी सकाळी बसने गेलो. मावशींनी इस्त्रीची सुती साडी नेसली होती, कागदांची पिशवी मांडीवर. सबंध रस्ताभर त्या बोलल्या नाहीत. मी मात्र बोलत होते, उन्हाबद्दल, रस्त्याच्या खोदकामाबद्दल, आरोहीच्या परीक्षेबद्दल. मी घाबरले की बोलते. त्या गप्प होतात.

दोन तास रांगेत बसल्यावर आमचा नंबर आला. काउंटरच्या पलीकडे पन्नाशीचे गृहस्थ, डोळ्यांवर जाड चष्मा. मावशींनी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी अर्जाचा क्रमांक टाइप केला. एकदा, मग चष्मा वर करून पुन्हा एकदा.

"दौलत सखाराम परब?"

"हो."

"वारस नलिनी?"

"मीच ती."

ते स्क्रीनकडे बघत होते. मावशींनी काउंटरची कड धरली होती.

"अर्ज चालू आहे," ते म्हणाले. "घर काही अजून लागलेलं नाही, आजी. सोडतीत नाव निघालेलं नाही."

"रद्द नाही झालं?"

"निघालंच नाही, तर रद्द कसं होईल?"

मावशी वळून माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत घर लागलं नाही, या बातमीवर एवढ्या खूश झालेल्या दोन बाया त्या गृहस्थांनी पूर्वी पाहिल्या नसाव्यात. ते जरा बावरले.

"पत्ता आणि नंबर बदलायचाय," मी सांगितलं.

त्यांनी एक अर्ज दिला, मी भरला, मावशींनी सही केली. त्यांनी नवा नंबर टाइप केला आणि म्हणाले, "ओटीपी येईल, तो सांगा."

मावशींनी फोन छातीशी धरला. "नाही."

"अहो आजी, ओटीपी सांगितल्याशिवाय नंबर बदलणार कसा?"

"नाही म्हणजे नाही. परवाच असा एक आला होता."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. जरा समजवा यांना."

परवापासून हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होते. मंगळवारच्या त्या लिंकनंतर माझी सगळी खात्री उडाली होती. मी फोन घेतला आणि, आयुष्यात बहुधा प्रथमच, मेसेज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मोठ्याने वाचला. अर्ज क्रमांक अमुक, मोबाईल बदलण्यासाठी हा ओटीपी. अर्ज क्रमांक झेरॉक्सवरच्या क्रमांकाशी एकेक आकडा करून ताडला.

"मावशी, हा याच कामाचा आहे. आपण यांच्याकडे आलोय, हे आपल्याकडे आलेले नाहीत."

मावशींनी विचार केला. मागे रांग कुजबुजायला लागली होती. मग त्या गृहस्थांना म्हणाल्या, "मी बोलणार नाही. मशीन इकडे करा. मी दाबते."

त्यांनी मान हलवली, पण कीबोर्ड काचेखालच्या फटीतून सरकवला. मावशींनी एका बोटाने, प्रत्येक आकड्यानंतर फोनकडे बघत, सहा आकडे दाबले. पोचपावती छापून आली. तिच्यावर त्यांचं नाव, आमच्या इमारतीचा पत्ता आणि त्यांचा स्वतःचा नंबर. मावशींनी तो नंबर फोनमधल्या नंबराशी दोनदा पडताळला.

"झालं," गृहस्थ म्हणाले. "आता सोडत निघाली आणि नाव लागलं, की याच नंबरवर मेसेज येईल."

"कधी निघेल?"

"ते मला सांगता येणार नाही."

"बरं. एक सांगून ठेवते," मावशी पिशवीत कागद लावता लावता म्हणाल्या. "तुमचा मेसेज आला तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. त्यातलं काही दाबणार नाही. बस पकडून इथे येईन आणि तुम्हाला विचारीन, हे खरं का. चालेल?"

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "या," ते म्हणाले. "मी नसलो तर शेजारच्या खिडकीत विचारा."

बसला गर्दी होती, पण मावशींना खिडकीजवळ जागा मिळाली. परळजवळ आल्यावर त्यांनी बाहेर बोट केलं. एका अर्धवट टॉवरवर क्रेन उभी होती.

"तिसराच बरा," त्या म्हणाल्या. "पाचव्यावर पाणी कमी चढतं."